इसाकभाईंची बारा दिवसांची रजा

इसाकभाई दिवेकरांनी माणसाला त्याच्या नावानं कधी हाक मारली नाही. माणूस ज्या गावचा, ते त्याचं नाव. त्यामुळे दम्मामच्या आमच्या ऑफिसात एक तिरूर होता, एक सियालकोट होता, आणि मी नाशिक. "नाशिक, चहा पिताव, येतोस?" असं ते स्टोअरच्या दारातून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता दोन कप ओतायचे. आमचा मालक मूळचा बुरैदाचा. तोही त्यांच्या लेखी 'बुरैदा'च होता, फक्त हे त्याला माहीत नव्हतं.

मी नवा होतो तेव्हा त्यांचा पहिला फोन आला, "दिवेकर बोलताव, स्टोअरमधून." परमुलखात दिवेकर भेटला म्हणून मी हरखलो आणि मनात जानव्यासकट एक चित्र रंगवून स्टोअरमध्ये गेलो. समोर मेंदी लावलेली दाढी, डोक्यावर जाळीची टोपी आणि दोन्ही हातांत गोठवलेल्या कोंबड्यांचं खोकं. माझा चेहरा बघून त्यांना सगळं कळलं असावं. "श्रीवर्धनच्या बाजूला आमी पण दिवेकर, तुमच्यातले पण दिवेकर," ते म्हणाले. "गाव एक तर आडनाव एक. आता हा खोका धर जरा." मी खोकं धरलं. आमची ओळख झाली ती अशी.

आमची कंपनी दम्माम बंदरावर येणाऱ्या जहाजांना सामान पुरवते. बटाट्यापासून दोरखंडापर्यंत जे लागेल ते. इसाकभाई स्टोअरचे मुख्य होते आणि त्या नोकरीत त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. ऑफिसातल्या कुणालाही कुठे राहायचं असेल, कुठे जायचं असेल, तर त्याची आखणी इसाकभाई करत. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. दुसऱ्याला धड करता येत नाही याची त्यांना खात्री होती म्हणून.

माझी बायको मंजिरी आणि मुलगी इथे यायच्या होत्या, तेव्हा मी एक फ्लॅट पसंत केला. सकाळी बघितला, उजेड छान होता, इसार देऊन टाकण्याच्या बेतात होतो. इसाकभाईंनी विचारलं, "दुपारी बघितलास?" मी म्हटलं, नाही. "मग काय बघितलास? सकाळी सगळीच घरं चांगली असतात." शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर, जुलैच्या उन्हात, हे गृहस्थ त्या इमारतीच्या जिन्यावर तासभर बसून आले. संध्याकाळी निकाल कळवला. खालच्या बेकरीच्या एसीची गरम हवा थेट बेडरूमच्या खिडकीवर येत होती आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला दुपारी खिळे ठोकायचा नाद होता. मी तो फ्लॅट सोडला. त्यांनी शोधून दिलेल्या घरात आम्ही अजून राहतो. मंजिरीनं तेव्हापासून माझ्यापेक्षा त्यांच्या मतावर जास्त भिस्त ठेवली आहे आणि मी त्याविरुद्ध काही बोलू शकत नाही.

स्टोअरच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता, त्यावर सगळ्यांच्या रजा लिहिलेल्या असत. तो फळा इसाकभाईंचा. कुणी कधी जायचं, कुणाची ईद गावी आणि कुणाचा ओणम, हे ते असं जमवत की कुणाची कुरकूर नसे. त्यांची स्वतःची रजा मात्र दरवर्षी एकाच जागी असायची आणि तिच्यापुढे एकच शब्द, 'गाव'. कोकणातून इकडे आलेल्या त्यांच्या पिढीत रजा माणसाची नसतेच, गावाची असते. दीड महिन्यात लग्नं उरकायची, भिंतीला गिलावा करायचा, आजाऱ्याला मुंबईला दाखवून आणायचं, रुसलेल्यांना बोलतं करायचं. पहिल्या दिवसापासून घरात माणसांची रीघ. इसाकभाईंची बायको जुलेखा या सगळ्यात स्वयंपाकघरात. सासू, दीर, जावा, पोरं धरून अकरा माणसांचं घर. एकदा ते मला म्हणाले, "नाशिक, लग्नाला तीस वर्षं होतील. मी तिला बघितली हाय ती जास्त करून पाठमोरी." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पण मला ते ऐकून वाईट वाटलं आणि मी तसं म्हणालोही.

तर हम्मामेतची गोष्ट. एका जहाजावरचा ट्युनिशियन आचारी पोटाचं ऑपरेशन होऊन दम्मामच्या इस्पितळात राहिला आणि त्याचं जहाज पुढे निघून गेलं. इसाकभाई त्याला आपल्या खोलीवर घेऊन आले. दहा दिवस त्याला मऊ भात आणि सुरमईचं फिकं कालवण घातलं. तो आचारी दहा दिवस आपल्या गावाबद्दल, हम्मामेतबद्दल, बोलत राहिला. भूमध्य समुद्राच्या काठी तटबंदीतलं जुनं गाव. आत पांढरी घरं, निळी दारं. तटाच्या पायाशीच वाळू, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. संध्याकाळी बाप्ये कानामागे मोगऱ्यासारख्या फुलांचा गुच्छ खोवून हिंडतात. इसाकभाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "बायका कुठे बसतात?" तो म्हणाला, "तिथेच. वाळूत खुर्च्या टाकून. नवरे चहा आणून देतात."

इसाकभाईंच्या घरापासून समुद्र शंभर पावलांवर आहे. त्या समुद्रावर ते जुलेखाभाभींबरोबर एकदाही बसलेले नव्हते. कसे बसणार? किनाऱ्यावर जाळी सुकवणारा प्रत्येक माणूस त्यांचा कुणीतरी लागतो. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी ठरवलं की एकदा, एकच रजा, बारा दिवस, भाभींना घेऊन त्या तटबंदीतल्या गावात राहायचं. दोघांनीच. ओळखीचं कुणी नाही अशा ठिकाणी. त्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

मग आखणी सुरू झाली आणि ती अकरा वर्षं चालली. एका वहीत त्यांनी त्या गावाचा नकाशा काढला होता. आचाऱ्यानं त्याच्या मास्तरांचा नंबर दिला होता, सी हबीब, म्हणजे आपल्याकडचे हबीबराव, म्हणून एक निवृत्त शिक्षक तटाच्या आतल्या आपल्या घरातली वरची खोली पाहुण्यांना देत. इसाकभाई महिन्यातून एकदा त्यांना फोन करायचे. इसाकभाईंचं अरबी दम्मामच्या बाजाराचं, मास्तरांचं तिकडचं, फ्रेंच मिसळलेलं. तरी दोघांचं चांगलं चालायचं, कारण दोघांनाही घाई नव्हती. खिडकी कुठल्या बाजूला? जूनमध्ये वारा कुठून? पलंगाच्या कुठल्या कडेला भिंत? मास्तर बिचारे उठून बघून येत आणि सांगत. भाभींचे गुडघे दुखायला लागल्यावर इसाकभाईंनी त्यांना जिन्याचा व्हिडिओ पाठवायला लावला. तो व्हिडिओ त्यांनी मला चार वेळा दाखवला. सतरा पायऱ्या, कठडा डावीकडे. "चढताना चांगला," ते म्हणाले, "उतरताना मी पुढे राहीन."

एकदा मी ती वही मागून घेतली आणि बारा दिवसांचा कार्यक्रम बघितला. पहिला दिवस: काही नाही. दुसरा दिवस: काही नाही. तिसरा: मासळीबाजार, वाटला तर. चौथा: काही नाही. मी म्हटलं, "इसाकभाई, लोक तिकडे जातात तर किल्ला बघतात, शेजारचं शहर बघतात." ते म्हणाले, "ते बघायला लोक हायत ना. आमी कशाला?" त्याच वहीत उशी किती जाड हवी यावर मात्र दीड पान होतं.

तीनदा बेत ठरला आणि तीनदा मोडला. एकदा पावसात घराचं छप्पर गेलं. एकदा बहिणीचं आजारपण. एकदा पुतण्याची पहिली नोकरी इथे लागली, त्याला आणायला आणि स्थिरस्थावर करायला रजा गेली. प्रत्येक वेळी इसाकभाई मास्तरांना फोन करून माफी मागायचे आणि मास्तर म्हणायचे, भिंती कुठे जात नाहीत. आम्ही ऑफिसात त्यांची थट्टाही करायचो. "काय इसाकभाई, यंदा हम्मामेत की छप्पर?" ते हसायचे. मला आता त्या थट्टेची लाज वाटते.

चौथ्या वेळी सगळं जुळून आलं. इसाकभाई साठीला आले होते, त्या वर्षाच्या शेवटी नोकरी सोडून कायमचं गावी जायचं ठरलं होतं. म्हणजे ही शेवटची रजा. गावी गेल्यावर कुठलं हम्मामेत आणि काय, हे त्यांनाही माहीत होतं. भाभी व्हिजिट व्हिसावर येणार, आधी दोघं मक्केला जाऊन उमरा करणार, मग जेद्दाहून विमान. रियाधला दोन खेपा घालून त्यांनी ट्युनिशियाचे व्हिसे आणले. फळ्यावर जूनच्या रकान्यात त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'गाव' सोडून दुसरं काही लिहिलं. नुसतं 'बारा दिवस' एवढंच.

मार्चमध्ये थोरल्या भावाचा फोन आला. मुलीचं लग्न जूनमध्ये धरलं होतं, त्याच आठवड्यात. मी समोर बसलो होतो. भावाचा आवाज फोनच्या बाहेर येत होता. "तू नसशील तर लगीन कसा होयल, इसाक? लोक काय म्हणतील?" इसाकभाई "हो दादा, हो दादा" म्हणत राहिले. मग त्यांनी फोन ठेवला, उठले, फळ्याशी गेले आणि आपल्या हाताच्या मागच्या बाजूनं ते दोन शब्द पुसून टाकले.

मी चिडलो. माझा स्वभाव तसा शांत नाही. मी म्हटलं, "तुम्ही दुसऱ्याच्या घराची गरम हवा तासभर उन्हात बसून शोधता आणि स्वतःच्या वेळी हो दादा, हो दादा?" ते म्हणाले, "खलास, नाशिक. तारीख धरलीय." त्यानंतर दोन दिवस त्यांनी मला चहाला बोलावलं नाही. मीच गेलो नाही असंही म्हणता येईल.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. भारतातला नंबर. "मी जुलेखा बोलताव," पलीकडून आवाज आला. "तुमच्या मंजिरीकडून नंबर घेतलाय." त्यांच्याशी मी याआधी कधी बोललो नव्हतो. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "त्यांनी रजा पुसली ना?"

मी म्हटलं, "हो."

"तुमी ती परत लिवा."

मी म्हटलं, "भाभी, पण लग्न..."

"लगीन दादांच्या पोरीचा हाय, दादा लावतील. मी त्यांना सांगून आलेव आताच. पोरीला घेऊन खरेदी मी करणार, मेंदीचा सगळा मी करून ठेवणार, मग येणार. एकोणतीस वर्षं मी या घरातली सगळी लग्नं लावली. एक माझ्याशिवाय होऊ दे." मग त्या म्हणाल्या, "ते मना काय सांगणार नायत. त्यांना वाटता मी रागावीन. मी रागावलेली नाय. पण मना जायाचा हाय."

मी स्टोअरमध्ये गेलो. इसाकभाई पंजे मोजत होते, हातमोज्यांचे. मी फळ्यावर जूनच्या रकान्यात 'बारा दिवस' लिहिलं, माझ्या गिचमिड अक्षरात. ते बघत राहिले. मी म्हटलं, "मला भाभींचा हुकूम आहे." ते खाली बसले, तिथेच, एका बटाट्याच्या पोत्यावर, आणि बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "दादांना ती बोलली?" त्यांनी विचारलं. "स्वतः?" मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तरी अभिमानच म्हणेन. थोरले भाऊ पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. ते दुःख इसाकभाईंना होतं, पण रजा पुन्हा पुसली गेली नाही.

भाभी मेच्या शेवटी आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला लागल्या की समोरच्याला बोलू न देणाऱ्या. निघायच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. खोलीत शिरलो तर मध्यभागी दोन मोठी पुठ्ठ्याची खोकी, निळ्या दोरीनं काचून बांधलेली, दर बाजूला जाड मार्करनं 'हबीब, हम्मामेत' लिहिलेलं. मी विचारलं, "हे काय?" इसाकभाई म्हणाले, "सामान." त्यात दुधाच्या पावडरचे डबे होते, संत्र्याच्या सरबताची पावडर होती, बाम, साबणाच्या वड्या, दोन जाड वाघाच्या चित्राची ब्लँकेटं. मास्तरांच्या घरच्यांसाठी, आणि शेजाऱ्यांसाठी, शेजारी असतील तर.

मी हसलो. मंजिरीनं मला कोपर मारलं. इसाकभाईंना खरोखरच कळत नव्हतं काय चुकलं ते. एकोणतीस वर्षांत हा माणूस दुसऱ्यासाठी खोकं बांधल्याशिवाय विमानात बसलाच नव्हता. अख्ख्या ऑफिसच्या प्रवासांची आखणी करणारा माणूस, पण प्रवास म्हणजे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढं एकच त्यानं कधी तपासून बघितलं नव्हतं. "तिकडे काय मिळत नसेल काय, जूनमध्ये ब्लँकेट?" भाभी म्हणाल्या आणि त्यांनी विळी घेऊन दोरी कापली. "आणि ते काय आपले पाहुणे हायत? आपण पाहुणे." इसाकभाई म्हणाले, "एक डबा तरी?" भाभींनी एक अत्तराची बाटली बाजूला काढली, ती मास्तरांना. बाकीचं सगळं आमच्या घरी आलं. सरबताची पावडर आमच्या मुलीनं वर्षभर पुरवली. ब्लँकेट अजून आहे, दम्मामच्या थंडीत आठवडाभर उपयोगी पडतं.

ते गेले. बारा दिवसांत त्यांचा एकही फोन आला नाही, एकही फोटो नाही. मी दोनदा मेसेज केला, "पोचलात का? जिना कसा आहे?" दुसऱ्या मेसेजला एक अंगठा आला.

जेद्दाहून भाभी परस्पर मुंबईला गेल्या आणि इसाकभाई कामावर हजर झाले. आम्ही सगळे त्यांच्याभोवती जमलो. अकरा वर्षं ज्या गावाची खिडकी न् खिडकी ऐकली होती, ते कसं निघालं हे आम्हाला हवं होतं. इसाकभाई म्हणाले, "चांगला हाय गाव," आणि तांदळाच्या गोण्या उतरवून घ्यायला गेले. तिरूरनं विचारलं, मालकानंही विचारलं, तेच उत्तर. तट कसा आहे? मोठा हाय. समुद्र? आपल्यासारखा नाय, लाटा कमी. मला थोडं लागलं. अकरा वर्षं ऐकायला मी होतो आणि आता सांगायला यांना तोंड नाही. कधी वाटायचं, बेत फसला असेल. इतकी वाट बघून गेलेलं गाव साधंच निघालं असेल. पण माणूस नाराज दिसत नव्हता. दुपारी चहा ओतताना तो स्वतःशीच हसायचा आणि मग इकडेतिकडे बघायचा.

डिसेंबरात त्यांचं फायनल एक्झिट झालं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, जमा केला, फळा तिरूरच्या ताब्यात दिला. दम्मामच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. या वेळी खोकी होती, दोन, दोरीनं बांधलेली, आणि ती बरोबरच होती, कारण गावी चालले होते. सामान दिलं, बोर्डिंग पास घेतला, पासपोर्टच्या रांगेपाशी आम्ही उभे राहिलो. रांग लांब होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "इसाकभाई, आता तरी सांगा. तिकडे काय बघितलंत?"

त्यांनी पुढची रांग बघून घेतली. नंतर त्यांनी आवाज खाली आणला, आजूबाजूला कुणी मराठी नव्हतं तरी.

"जुलेखा नऊपर्यंत झोपते," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"पहिल्या दिवशी पहाटे उठून फजर पढली आणि परत आडवी झाली. मना वाटला, दमली असेल. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी मी विचारला, बरी नाय काय? म्हणाली, बरी हाय, झोप येते. नाशिक, तिला झोपायला आवडता. पहिल्यापासून. माहेरी आई ओरडायची म्हणे तिला. आमच्या घरी कोंबड्याच्या आधी उठते, अम्माचा चहा, सगळ्यांची भाकरी. मना वाटायचा, ती तशीच हाय. तीस वर्षं मी लोकांना सांगितला, आमची जुलेखा पहाटे उठणारी."

"मग तुम्ही नऊपर्यंत काय करायचात?"

"खिडकीत बसायचो. आवाज नाय करायचा म्हणून बाहेर पण नाय जायाचो, दरवाजा वाजता तो. बघत बसायचो."

"समुद्र?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो प्रश्न मी मागे घेतला.

मागच्या माणसानं ढकललं, "यल्ला, यल्ला." रांग सरकली. इसाकभाईंनी पासपोर्ट दातात धरला, पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पासपोर्ट परत हातात घेतला. त्यांचं काहीतरी जुळवणं चाललं होतं, ते मला त्यांच्या कपाळावरून कळत होतं.

"परवा सकाळी पोचताव," ते म्हणाले. "चहा मना येतो. भाकरी नाय येत, ती शिकताव. तेरवा पहाटे अम्मा हाक मारील, जुलेखा, चहा. मग मी जायाचा खाली. अम्मा विचारील, जुलेखा कुठे? पहिल्यांदा वाटला, सांगीन गुडघा दुखतो. पण खोटा कशाला सांगायचा." ते काचेच्या दारापर्यंत पोचले होते. अधिकाऱ्यानं हात पुढे केला तरी ते माझ्याकडे वळूनच उभे होते, आणि ते उत्तर त्यांनी मला आधी म्हणून दाखवलं, आईला सांगायच्या आवाजात, नीट, अदबीनं, अकरा माणसांच्या घराला ऐकू जाईल असं.

"सांगीन, ती झोपलीय."